सत्तेचाळीस नंबरचा सांधा

९ जानेवारी

ठमे,

पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. मी तीन दिवस तिच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा कुठे तिनं दिला. फोन तू उचलत नाहीस, आणि हल्ली तर तो वाजतही नाही, एकदम ती रेकॉर्डवाली बाई बोलायला लागते. म्हणून पत्र. बत्तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसून मी दुसऱ्यांच्या वतीनं पत्रं लिहिली, 'आपणांस कळविण्यात येते की'. स्वतःच्या वतीनं लिहायला बसले तर दोन कागद फाडून झाले. हा तिसरा.

कळवायचं एवढंच की मी बरी आहे. शाळेनं ऑफिसातली माणसं कमी केली त्यात मीही गेले, हे तुला कळलं असेलच. उजवा गुडघा कुरकुरतो, पण चालतो.

बातमी अशी की मी सुतारकाम शिकते आहे. हसू नकोस.

झालं काय, स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार निखळून माझ्या पायावर पडलं. सुताराला बोलावलं तर त्यानं कपाटाच्या पोटात डोकं घातलं आणि म्हणाला, "बाई, दाराचं काय घेऊन बसलात, अख्खं कपाटच गेलंय." पुढे त्यानं असा काही आकडा सांगितला की मी त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. मग वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद दिसला. लाकूडकामाचा वर्ग, मंगळवार आणि शनिवार, हत्यारं क्लबची, वयाची अट नाही. महिन्याची वर्गणी म्हणजे सिनेमाचं एक तिकीट. म्हटलं, दुसरं काही नाही तरी दार दुरुस्त होईल.

क्लब बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या खोलीत भरतो. भिंतीवर अजून शाईचे डाग आहेत. पहिल्या दिवशी मी करवत अशी धरली होती की जणू ती मलाच चावणार आहे. शिकवणारे सर म्हणाले, "घट्ट धरू नका. करवतीला तिचं काम माहीत आहे, तुम्ही फक्त मध्ये येऊ नका." सगळे हसले. मीही हसले.

तू जेवतेस ना वेळेवर?

तुझी
आई


२७ जानेवारी

ठमे,

तुझं कार्ड मिळालं. "पत्र मिळालं. मी ठीक. लाकडाबद्दल लिहू नकोस." सात शब्द. मी ते कार्ड फळीवर उभं करून ठेवलं, मग वाटलं येणारंजाणारं कोणी वाचेल, म्हणून आत ठेवलं. येतं कोण म्हणा.

तुझं बरोबर आहे. त्या विषयावर तुझ्याशी बोलायचा मला अधिकार नाही. पण माझ्याकडे दुसरं लिहायला काय आहे, सांग. सकाळी उठते, झाडते, दोन घास रांधते, आणि मंगळवार-शनिवारची वाट बघते. लाकूड वगळून लिहायचं तर माझं पत्रही तुझ्याएवढंच होईल. म्हणून लाकडाचं नाही, माणसांचं लिहिते.

आम्ही आठ जण आहोत, कारण बाकं आठ आहेत. एक माणूस सोडून गेल्याशिवाय दुसऱ्याला जागा नाही, बाहेर बरीच नावं लागलेली आहेत. मला जागा मिळाली ती एक आजोबा मुलाकडे राहायला गेले म्हणून. माझ्या शेजारी एक निवृत्त बस कंडक्टर आहेत. ते अजून "चला, पुढे सरका" असं म्हणतच बाकाकडे जातात. पलीकडे दाताच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. एक तरुण आहे, तो प्रत्येक गोष्टीला इतका गोंद लावतो की त्याचं नावच 'चिकट्या' पडलंय. एकदा त्याचा चष्माच बाकाला चिकटला होता.

नवं लाकूड कोणालाच परवडत नाही. मागच्या रस्त्यावर गोदामं आहेत, तिथली मोडकी खोकी आम्ही मागून आणतो. पहिला तास खिळे उपसण्यात जातो. उपसलेले खिळे हातोडीनं सरळ करायचे आणि डब्यात टाकायचे, हे माझं काम, कारण त्याला फारसं कौशल्य लागत नाही. चांगला रंधा एकच आहे, तो चौघांत फिरतो. कंडक्टरांनी भंगारातून एक गंजलेला आणला आणि तीन आठवडे घासून घासून त्याचं पातं असं काढलं की नर्सबाई त्यात बघून केस सारखे करतात.

सर म्हणजे सडपातळ गृहस्थ आहेत, कमी बोलतात. कुठले, आधी काय करायचे, ते पुढे कधीतरी लिहीन.

आई


११ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

त्या संध्याकाळबद्दल लिहायचं आहे. तीन वर्षं झाली. ती माणसं तुला बघायला आली होती. तू चहा दिलास, बसलीस, आणि त्या मुलाच्या आईनं विचारलं तेव्हा सरळ सांगितलंस, "मला आत्ता लग्न करायचं नाही." एवढंच. आवाजही चढवला नव्हतास. आणि मी त्यांच्यादेखत म्हटलं, "आजवर तुला धड एक तरी गोष्ट जमली आहे का?"

तू उठलीस. सगळ्यांच्या कपबशा गोळा केल्यास, मुलाच्या वडिलांची अर्धी होती तीसुद्धा, आणि आत गेलीस. सकाळी बॅग भरून निघालीस. मी दारात उभी होते. अडवलंही नाही आणि थांब असंही म्हटलं नाही.

रागाच्या भरात तोंडून गेलं, असं मी वर लिहिलं होतं. ती ओळ खोडलेली तुला दिसत असेल. खोटी होती. रागाच्या भरात गेलं नव्हतं. तुला कुठे लागेल ते मला नेमकं माहीत होतं, म्हणून ते वाक्य निवडलं. मावशीला मी सांगितलं की पोरगी हट्टी आहे, क्षुल्लक गोष्टीवरून घर सोडून गेली. शेजारी सांगितलं, नोकरीसाठी गेली. इतक्या जणांना इतकं काय काय सांगितलंय की कोणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायला वही लागेल.

तुला तिथे का लागतं आणि मला ते का माहीत होतं, ते या पत्रात लिहवत नाही. तुझी माफी मागते. माफी अर्धीच आहे, हे मला कळतंय.

आई


२ मार्च

ठमे,

लाकडाबद्दल लिहू नकोस असं तू सांगितलं होतंस. आज तुझा शब्द मोडते आहे. एकदाच.

शनिवारी क्लब बघायला दोन नवी माणसं आली होती. अशा वेळी सर भिंतीतल्या कपाटातून कापडात गुंडाळलेली एक वस्तू काढतात, असं मी ऐकून होते, पण मी आल्यापासून ती वेळ आली नव्हती. वस्तू म्हणजे काय, वीतभर लांबीचे लाकडाचे दोन तुकडे काटकोनात जोडलेले. एकात खाच, दुसऱ्याचं टोक तिच्यात शिरलेलं. बस.

सर म्हणाले, "यात गोंद नाही. खिळा नाही. ओढून बघा."

त्या माणसानं ओढलं. हललं नाही. मग सरांनी एका बाजूनं हलकेच टिचकी मारली तसा सांधा अलगद सुटला, आणि परत बसवला तसा 'टप्' असा आवाज आला. कंडक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "फटीत कागद जात नाही, बाई. मी घालून बघितलाय."

"हा मी केलेला नाही," सर सांगत होते. "मी पूर्वी लाकूडकामाच्या शाळेत शिकवायचो. वसतिगृहाची शाळा, एक वर्षाचा कोर्स. अकरा वर्षांपूर्वी प्रवेशाच्या चाचणीत एका मुलीनं हा केला. अठरा वर्षांची असेल. तीन तास दिले होते, तिनं दोनात संपवला आणि उरलेल्या तासात स्वतःचं बाक झाडून ठेवलं. पहिला नंबर. आम्ही जागा दिली, राहायची सोय दिली, फी माफ केली. आली नाही. दोन आठवडे जागा धरून ठेवली. साधं उत्तरसुद्धा नाही."

नर्सबाई म्हणाल्या, "घरच्यांनी लग्न करून दिलं असेल हो."

"असेल," सर म्हणाले. "किंवा नाद सुटला असेल. काहींना सगळं सोपं जातं, मग किंमत राहत नाही."

तुकडा हातोहात फिरत माझ्याकडे आला. मी तो उलटा केला. खालच्या अंगाला पेन्सिलीनं सत्तेचाळीस लिहिलेलं होतं. तुझा चार. तू चारचं पोट उघडं ठेवतेस, लहानपणापासून.

मी तो चिकट्याकडे दिला आणि खिळे सरळ करायला बसले.


४ मार्च, तेच पत्र पुढे

दोन दिवस हा कागद टेबलावर पडून होता. आता लिहिते.

ठमे, पत्र आलं होतं.

बुधवार होता. तू बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणायला गेली होतीस. पोस्टमननं माझ्या हातात दिलं. पाकीट तुझ्या नावाचं होतं, मी फोडलं. उभ्याउभ्या तीनदा वाचलं. तुझं नाव, चाचणी क्रमांक सत्तेचाळीस, प्रथम क्रमांक, हजर राहण्याची तारीख, खाली सही. मग लोखंडी कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवलं, आणि तू आलीस तेव्हा मी तांदूळ निवडत होते.

त्यानंतर जवळजवळ महिनाभर तू रोज अकरा वाजता जिन्यात जाऊन बसायचीस. पोस्टमन तुला ओळखायला लागला होता. लांबूनच मान हलवायचा. माझं ऑफिस तेव्हा दुपारच्या पाळीचं होतं, मी हे खिडकीतून बघत होते.

शेवटी तू मला म्हणालीस, "आई, तू तुझ्या ऑफिसातून एकदा फोन करून विचारशील?" मी म्हटलं, करते. संध्याकाळी घरी येऊन चपला काढत सांगितलं, "केला बाई फोन. म्हणाले काम कच्चं आहे. हात बसलेला नाही म्हणाले."

तो फोन मी केलाच नव्हता. ते शब्द कोणीही म्हटलेले नव्हते. जिना चढताना मी ते जुळवले. 'जागा भरल्या' असंही सांगता आलं असतं, आणि तू पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न केला असतास. ते मला नको होतं. म्हणून अशी गोष्ट सांगितली की तू पुन्हा कधी विचारणारच नाहीस.

तू पानं घेतलीस. जेवलीस. मला वाढलंस. चार-आठ दिवसांनी तुझी करवत आणि दोन्ही पटाश्या शाळेच्या शिपायाला देऊन आलीस. त्यावर मी म्हटलं, "बरं झालं, अडगळ गेली."

एवढं लिहिल्यावर आता कपाटाच्या दाराचंही सांगून टाकते. ते दोन स्क्रूंनी बसलं असतं. मी दारासाठी क्लबात गेले नव्हते. तू गेल्यावर ते पत्र मी इतक्या वेळा काढून वाचलंय की खालची सही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. वाचनालयाच्या फळ्यावर त्या कागदाखाली तेच नाव होतं. मी त्या माणसाला बघायला गेले. काय बघायचं होतं ते मलाही सांगता येणार नाही. कदाचित तो भिकार शिक्षक निघावा असं वाटत असेल. म्हणजे तू काही फार गमावलं नाहीस, असं तरी म्हणता आलं असतं. पण तो चांगला निघाला, ठमे. फार चांगला.

तुझं पत्र सोबत पाठवते आहे, आणि वेगळ्या कागदावर सरांच्या क्लबचा पत्ता. अकरा वर्षं उशिरा. घड्या माझ्या हातच्या आहेत, त्याबद्दलही काय बोलू.

सही करत नाही. कोण लिहितंय ते तुला कळेल.


२२ मार्च

ठमे,

तुझं उत्तर नाही. मी जिन्यात बसत नाही, पण अकरा वाजले की पोस्टमनच्या सायकलीकडे कान जातो. तुझी नक्कल करते आहे असं समजू नकोस. कान आपोआप जातो.

सरांना सांगितलं. त्यांच्याबाबतीतही माझ्या हातून अपराध घडला आहे, हे त्या शनिवारपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मंगळवारी लवकर गेले. ते एकटेच होते, पटाशीला दगडावर धार लावत होते. मी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. म्हटलं, "सर, सत्तेचाळीस नंबरची मुलगी माझी."

त्यांचा हात थांबला नाही. "कुठे असते?"

"दुसऱ्या गावी. कुरियरच्या ऑफिसात. पार्सलांवर चिठ्ठ्या लावते."

"मग का आली नाही ती?"

"तुमचं पत्र मी लपवलं. तिला सांगितलं की तुम्ही नापास केलं. काम कच्चं आहे असं तुम्ही म्हणालात, असं सांगितलं."

आता हात थांबला. त्यांनी पटाशी फडक्यानं पुसली, दोन्ही बाजूंनी. म्हणाले, "मी म्हणालो?"

"तुमच्या शाळेनं."

"चाचणी मी घेतली होती, बाई. म्हणजे मीच."

त्यांनी पटाशी दगडाशेजारी ठेवली. मग म्हणाले, "अकरा वर्षं मी पोरांना सांगत आलो की त्या मुलीला शिस्त नव्हती. दोन ओळींचं उत्तर लिहायची रीत नव्हती. दरवर्षी सांगितलं. शनिवारी तुमच्यासमोर सांगितलं." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही ऐकत होतात."

"हो."

"तुम्ही शनिवारी या. वर्गणी भरली आहे तुमची. पण काही दिवस माझ्याशी बोलू नका. मला राग आवरता येत नाही, आणि हातात हत्यार असताना रागावू नये, असं मीच शिकवतो."

शनिवारी गेले. सर सगळ्यांच्या बाकाशी थांबले, माझ्या बाकापाशी थांबले नाहीत. कंडक्टर म्हणाले, "काय बाई, सरांशी कट्टी? तिकीट नाही काढलंत वाटतं?" मला वाटलं, आता हेही लपवायला लागले तर संपलंच. मग सगळ्यांना सांगितलं, करवती थांबवून. माझा आवाज एवढासा येत होता, चिकट्या म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला ना, काकू," तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

कोणी काही वाईट बोललं नाही. फक्त नर्सबाई म्हणाल्या, "मी लग्न म्हटलं होतं. हे मला सुचलंसुद्धा नसतं."

आई


२६ एप्रिल

ठमे,

तू सरांना पत्र लिहिलंस हे मला कळलं. काय लिहिलंस ते कळलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही. आधी दुसरं एक सांगायचं राहिलंय.

मी ते पत्र का लपवलं, हे तुला मी सांगितलं नाही. तू विचारलं असतंस तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. मामा काय म्हणेल, ऑफिसातल्या बायका काय म्हणतील, सुताराकडे शिकायला मुलगी पाठवली म्हणून हसतील, बँकेच्या परीक्षा सोडून हे काय, असं सगळं. इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आले. तुझ्या भल्यासाठी केलं, चुकलं, पण हेतू चांगला होता.

तसं नव्हतं. त्या पत्रात एक शब्द होता, वसतिगृह. तुझे बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ऑफिस सुटल्यावर कुलूप काढून रिकाम्या घरात शिरायची मला भीती वाटत होती. तू आधी आलेली असायचीस, दार नुसतं लोटलेलं असायचं. ते मला हवं होतं. बस, एवढंच. माझं दार लोटलेलं राहावं म्हणून तुला मी सांगितलं की तुझा हात बसलेला नाही.

आणि शेवटी तू गेलीसच.

आता शनिवारचं. वर्ग सुटल्यावर सर म्हणाले, "थांबा जरा." महिन्याभरात माझ्याशी बोललेले हे त्यांचे पहिले शब्द. खिशातून तुझं पत्र काढलं. पाकिटावरचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. त्यांनी ते माझ्याकडे दिलं नाही.

"हे मी तुम्हाला दाखवणार नाही. तिनं तसं लिहिलंय. पण एक गोष्ट सांगावी लागेल, कारण ती तुमच्याशी संबंधित आहे. शाळेत आता पस्तिशीपर्यंत घेतात. चाचणी ऑक्टोबरात आहे. हात सुटलेला आहे तिचा, त्याआधी सराव हवा. मी तिला शनिवारी इथे यायला सांगितलं. ती यायला तयार आहे, पण..." ते पाकीट उलटसुलट करत राहिले. ते खूप अवघडले होते, मला त्यांचीच दया आली.

मी म्हटलं, "मी असेन तर येणार नाही, असंच ना?"

"असंच."

"मग मी मंगळवारीच येत जाईन," मी म्हणाले. पटकन म्हणाले. हे तुला मुद्दाम सांगते आहे, म्हणजे मी लगेच मोठं मन केलं असं तुला वाटायला नको. "शनिवारी नाही येणार. मंगळवारी मागच्या कोपऱ्यात."

सरांनी पत्र खिशात ठेवलं. मग म्हणाले, "बाकं आठच आहेत, आणि एक बाक दोघांत वाटता येत नाही, अर्धवट काम त्यावरच बांधलेलं राहतं. नर्सबाई पावसाळ्यानंतर बदलीच्या गावी जायचं म्हणतायत. तोपर्यंत थांबायला सांगू तिला?"

"पावसाळ्यानंतर चाचणीला किती दिवस उरतील?"

"फारसे नाहीत."

माझ्या बाकावर अर्धवट स्टूल होतं. खोक्यांच्या फळ्यांचं, पहिलंच. तीन पाय बसले होते, चौथा मी दोनदा चुकीचा कापला होता आणि तिसऱ्यांदा आखत होते. ठमे, मला ते काम आवडायला लागलं होतं. गेले तर होते त्या माणसाला बघायला, पण मध्येच कधीतरी मला ते आवडायला लागलं. रंधा नीट चालला की ढलपी सलग निघते आणि वळून हातावर येते, तेव्हा दोन-चार मिनिटं मला माझं काही आठवत नाही. तू अठरा वर्षांची असताना तुला हे किती आवडत असेल, याचा मला पहिल्यांदा अंदाज आला. म्हणून सोडायला फार जड गेलं. आणि जड जातंय याचीही लाज वाटली.

"माझं बाक द्या तिला," मी म्हटलं. "तिला अजून थांबायला सांगू नका."

सरांनी विचारलं, "आणि स्टूल?"

"तीन पायांवर उभं राहतं का?"

"असलं नाही."

"मग राहू दे."

त्यांनी चौथ्या पायाचा तुकडा उचलला, माझी आखलेली रेघ बघितली. "ही बरोबर आहे," म्हणाले. "या वेळची बरोबर आहे." इतकंच. मी फडकं घेतलं आणि बाक झाडून निघाले.

आई


१७ मे

ठमे,

काल कंडक्टर घरी आले होते. पिशवीत माझ्या स्टुलाचे भाग होते, पाय सुतळीनं बांधून. मी त्यांना आधीच बजावलं होतं की तिच्याबद्दल मला काही सांगायचं नाही, कशी दिसते, काय बोलली, काही नाही. बिचारे माझ्या खुर्चीत तोंडाला कुलूप लावून बसले. पाणी प्यायले. हवेबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले. निघताना चपला घालताना त्यांना राहवलं नाही. "एवढंच सांगतो, बाई. आली." आणि मी काही म्हणायच्या आत जिना उतरून गेलेसुद्धा.

मी दार लावलं आणि तिथेच, चपलांशेजारी, खाली बसले. तुला हे सांगते ते माझ्यावर दया यावी म्हणून नाही. रडूही आलं नाही. एखादी जड वस्तू वर्षानुवर्षं एका हातात धरलेली असावी आणि ती खाली ठेवल्यावरही बोटं उघडू नयेत, तसं झालं.

चार गोष्टी सांगून ठेवते, सर सांगायला विसरतील म्हणून. खिडकीकडून तिसरी करवत घे, बाकीच्या सगळ्या डावीकडे जातात. बाकाचा मागचा पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घातलाय, झाडताना तो निघून जातो. खोक्यांच्या लाकडात तुटलेले खिळे असतात, रंधा घालण्याआधी हात फिरवून बघ. चिकट्याच्या शेजारी काही ठेवू नकोस. हे सगळं तुला पहिल्याच दिवशी कळलंही असेल.

मला माफ कर असं या पत्रात लिहिणार नाही. ते लिहिलं की तुला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि तुझ्यावर आता आणखी कशाचं ओझं नको. एकदा तुझं पाकीट तुला न विचारता फोडलं. आता नको म्हणालीस तरी ही पाकिटं धाडत बसले आहे, तेही तसंच झालं. म्हणून हे शेवटचं. तू कधी लिहिलंस तर त्याच दिवशी उत्तर टाकीन. नाही लिहिलंस तर ते मला समजेल. मावशीकडे तुझी चौकशी करणार नाही, सरांकडेही नाही, आणि त्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहणार नाही.

एक मात्र केलं, ते कबूल करते. बसस्टँडवर जाऊन तुझ्या गावाच्या गाडीची वेळ बघून आले. शुक्रवारी गेले होते, शनिवारी नाही. गाडी सकाळी साडेनऊला लागते. म्हणजे शनिवारी साडेनऊ झाले की तू उतरली असशील, आणि दहा वाजता तुझ्या हातात करवत असेल. मी घरात जे काही करत असेन ते तेव्हा थोडा वेळ थांबवीन, आणि मग पुन्हा करायला लागेन.

आई